आमच्या गावची न झालेली रिफायनरी

आमच्या घरात रॉकेलचा वास येत असला की दिवस बरे चालले आहेत असं समजायचं. वास येतो म्हणजे घरात रॉकेल आहे. वास गेला की माय संध्याकाळची कामं उजेड असतानाच उरकायची आणि आम्हाला लवकर निजवायची.

बाबा सावनेरजवळ एका मालकाच्या संत्राबागेत रखवालदार होते. राहायला बागेतच कुडाची खोपडी. मालकाचा नियम साधा होता: झाडावरच्या फळाला हात लावायचा नाही, खाली पडलेलं तुमचं. त्यामुळे वारा सुटला की मालक कपाळाला हात लावायचा आणि मी नि माझा धाकटा भाऊ विलास आनंदाने बाहेर पळायचो. कधीकधी जेवण म्हणजे तेवढंच असायचं. दिवसभर आंबट संत्र्यांवर राहिलं की तोंड आतून सोलून निघतं. नागपूरचं संत्रं ज्यांनी फक्त टोपलीत पाहिलं आहे त्यांना हे माहीत नसतं.

रॉकेल सावनेरच्या रेशन दुकानात मिळायचं. मिळायचं म्हणजे, आलं तर. मला रांगेत उभं करून माय लोकांच्या शेतात निंदायला जायची, आणि त्या दिवशी माझी शाळा बुडायची. घरी आणलेली बाटली माय कोपऱ्यात तशीच ठेवून द्यायची. थोड्या वेळाने खाली पाणी वेगळं दिसायचं आणि वर रॉकेल. मग दुकानदाराच्या सात पिढ्या काढत ती वरचं अलगद ओतून घ्यायची.

"माय, हे दोन्ही अलग काहून होते वं?" मी विचारायची.

"जमत नाही त्याईचं," माय म्हणायची.

पुढे मी तेल तंत्रज्ञानाची पदवी घेतली. तिथल्या प्राध्यापकांनीही साधारण हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते फुकट झालेलं नाही. मालकाने म्हातारपणी टेकडीखालचा बरड तुकडा बाबांना स्वस्तात देऊन टाकला. बाबांनी तिथे विहीर खोदली, संत्र्याची कलमं लावली, आणि झाडं फळावर येईपर्यंत रखवालदारी चालूच ठेवली. पहिला बहार हाती आला त्या वर्षी मी बारावी झाले. त्या बहारावर मी नागपूरच्या होस्टेलात राहिले. त्याच वर्षी विलासची शाळा सुटली. बागेला माणूस लागत होता आणि घरात उरला होता तो विलास. याबद्दल तो कधी बोलला नाही. एकदाच बोलला, ते पुढे येईल.

मी नोकरी केली ती नागपुरातच, सदर भागातल्या एका सल्लागार कार्यालयात. काम काय, तर एखाद्याला कारखाना टाकायचा असतो. तो कर्ज मागायला बँकेत जातो. बँकेला त्यातलं कळत नाही म्हणून बँक त्याला आमच्याकडे पाठवते. आम्ही सांगायचं की हा कारखाना चालेल की नाही. माझ्याकडे तेलाचं सगळं यायचं: सरकीचं तेल, ग्रीस, डांबर, थिनर. माणूस समोर बसला की मी तीन गोष्टी विचारायची. माल कुठून आणणार? झालेला माल कोण घेणार? आणि शेवटी जे उरेल त्याचं काय करणार? बहुतेक लोक पहिल्या दोन प्रश्नांची तयारी करून येत. तिसऱ्याला चहा मागवत.

ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला 'नाहीवाली मॅडम' म्हणत. मला राग नव्हता त्याचा. होय म्हणायला डिग्री लागत नाही.

एक गृहस्थ आठवतात. प्लास्टिकच्या पिशव्यांपासून पेट्रोल केलं म्हणून सोड्याच्या बाटलीत पिवळट पाणी घेऊन आले होते. मी वास घेतला आणि म्हटलं, यात निम्मं थिनर आहे. ते चिडले. म्हणाले, गाडीत टाकून पाहा. आमच्या शिपायाने हौसेने स्वतःच्या लुनात टाकलं. लुना सदरच्या चौकापर्यंत गेली आणि तिथे जी थांबली ती पुन्हा कधी बोलली नाही. गृहस्थ म्हणाले, "पण चौकापर्यंत तर गेली ना मॅडम?" या वाक्यावर अख्खे प्रकल्प उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

दुसरे तिवारीजी. नागपूरला लागून असलेल्या वाडीला त्यांच्या ट्रकांचा मोठा तळ होता. प्रत्येक ट्रकच्या इंजिनातून काळं जळकं ऑइल निघतं, ते लोक फेकून देतात. ते साफ करून पुन्हा विकायचं अशी त्यांची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. पण त्यांची पद्धत जुनी होती, आम्ल आणि माती घालून साफ करायची. तेल साफ होतं, पण त्यातून डांबरासारखा आंबट काळा चिखल निघतो. मी तिसरा प्रश्न विचारला. तिवारीजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पीछे नाला है ना मॅडमजी."

मी अहवालात 'नाही' लिहिलं. ते उठून गेले ते जिना उतरताना ओरडत गेले, "ये औरत किसी को कुछ बनाने नहीं देगी!" पुढे त्याच पद्धतीचा दुसऱ्या कुणाचा कारखाना सरकारने बंद केला, तेव्हा तिवारीजी पेढे घेऊन आले. जिन्यातूनच ओरडले, "बचा लिया!" त्या जिन्याने माझं वाईट आणि चांगलं दोन्ही ऐकलेलं आहे. दर दिवाळीला त्यांचा फोन येत राहिला.

असे किस्से सांगायला बरे वाटतात, कारण त्यात मी बरोबर होते आणि माझं बरोबर असणं कुणाच्या तरी कामाला आलं. खरं सांगायचं आहे ते वेगळं आहे.

मी निवृत्त झाले तरी बँका कधीमधी कामं पाठवतात. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर असंच एक काम आलं. कागदावर गावाचं नाव वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमचंच गाव. लहान तेल शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे रिफायनरी.

दुसऱ्या दिवशी प्रवर्तक स्वतः माझ्या घरी आले. गुणवंत वांढरे. आमच्याच गावचे, माझ्यापेक्षा थोडे लहान. तरुणपणी आखातात गेले आणि उभी हयात तिथल्या एका मोठ्या रिफायनरीत पंप ऑपरेटर म्हणून काढून परत आले. कानांनी थोडं कमी ऐकायचे. पंपांच्या आवाजात राहिलेल्या माणसांचं तसं होतं. मला वाटलं होतं एखादा बोलघेवडा दलाल येईल. हा तर हातांवर जुने भाजल्याचे डाग असलेला, सोफ्याच्या कडेवर बसणारा माणूस होता.

"ताई, मी तठी वाळूत पाह्यलं," ते म्हणाले. "काहीच नव्हतं. कुत्रं नव्हतं. रिफायनरी आली अन् शहर झालं. मंग आपल्या गावाले काहून नाही होणार?"

"गुणवंतभाऊ, तिथे तेल जमिनीखाली होतं."

"आणता येते ना. टँकर हायेत, रोड हाये."

"आणि तयार झालेलं डिझेल घेणार कोण?"

"डिझेल कोणाले नाही लागत, ताई?"

हा माणूस फसवणारा असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी आखातातली सगळी कमाई यात घातली होती. सावनेरला ऑफिस घेतलं होतं, नकाशे काढून घेतले होते. गावातल्या लोकांची जमीन ते घेणार होते आणि बदल्यात मोबदला आणि घरटी एक नोकरी देणार होते. आमच्या भागात या शब्दांचा अर्थ बाहेरच्यांना कळायचा नाही. आजूबाजूला कोळशाच्या खदानी झाल्या. ज्यांची जमीन खदानीत गेली त्यांच्या घरी पक्की नोकरी आली, पक्कं घर आलं, पोरांची लग्नं झाली. ज्यांची जमीन वाचली ते कास्तकार राहिले. आमच्याकडे जमीन जाणं हे कित्येकांना नशीब उघडणं वाटतं. खदान आमच्या गावाच्या शिवेपर्यंत येऊन थांबली होती, आणि गाव अजून तिची वाट पाहत होतं.

विलासची बाग त्या नकाशात मधोमध होती.

गावाने सभा ठेवली, शाळेच्या व्हरांड्यात. थंडी पडली होती. मी गेले. गुणवंतभाऊंनीच मला बोलावलं होतं. त्यांना वाटलं होतं, गावची लेक आहे, इंजिनिअर आहे, दोन शब्द चांगले बोलेल.

रिफायनरी म्हणजे काय ते मी आधी समजावलं. कच्चं तेल म्हणजे एकच वस्तू नसते. ते भट्टीत तापवतात आणि उंच मनोऱ्यात सोडतात. हलकं वर जातं, जड खाली बसतं. वरून गॅस आणि पेट्रोलच्या जातीचा माल, मधून रॉकेल आणि डिझेल, तळाला डांबरासारखं काळं.

"बागवान तुमची बाग घेतो तेव्हा झाडावरचं सगळंच घेतो ना?" मी म्हटलं. "मोठं फळ दिल्लीला पाठवतो. पण चुरीही त्यालाच उचलावी लागते. मोठ्या व्यापाऱ्याकडे चुरीचं काहीतरी करायला जागा असते, यंत्र असतं. लहानाकडे ती पडून सडते. कच्च्या तेलाचंही तसंच आहे. मला फक्त डिझेल द्या असं म्हणता येत नाही. सगळं घ्यावं लागतं, आणि खालची चुरी भरपूर निघते."

माना हलल्या. चुरी, म्हणजे बाजारात भाव नसलेली बारीक फळं, सगळ्यांना ठाऊक होती.

"आणि डिझेलमधलं गंधक काढल्याशिवाय आज ते विकता येत नाही. गंधक काढायचं यंत्रच तुमच्या या सगळ्या कारखान्याएवढं महाग. मोठ्या रिफायनरीला ते परवडतं. एका माणसासाठी सावजी रस्सा करायचा म्हटलं तरी मसाला तेवढाच भाजावा लागतो, वाटावा लागतो. आग विझवायची माणसं लहान कारखान्याला कमी लागत नाहीत. त्यात आपल्यापासून समुद्र कुठे आणि आपण कुठे! तिथून टँकरने कच्चं तेल आणायचं, इथे त्याचं डिझेल करायचं, आणि मोठ्या रिफायनरीचं डिझेल नळीने, रेल्वेने आधीच नागपुरात येऊन बसलेलं. तुमचं कोण घेईल?"

"मंग चालन का नाही ते सांगा ना बाई, उगा शाळा काहून घेता?" मागून कुणीतरी म्हणालं.

"चालणार नाही," मी म्हटलं. "एक वर्षही नाही."

मग सरपंच हसत म्हणाले, "शिकलेल्या माणसाले नाही म्हणाचाच पगार भेटते, बाप्पा." सगळे हसले. गुणवंतभाऊ हसले नाहीत. ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ताईचं बराबर हाये. मोठ्या लोकायच्या हिशेबानं बराबर हाये. पण पहिली खदान आली तवा बी लोक असेच हसले होते. कोण हसलं होतं, हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. टाळ्या पडल्या. माझ्या सगळ्या भट्ट्या, मनोरे आणि गंधक त्या टाळ्यांत वाहून गेलं.

जेवायला मी विलासकडे गेले. त्याच्या बायकोने ताट वाढलं आणि ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. विलास समोर बसला होता, जेवत नव्हता.

"तू काहून आडवी येऊन राहिली वं ताई?"

"आडवी नाही रे. तुझी बाग जाईल आणि कारखानाही होणार नाही."

"माहा निखिल डिप्लोमा करून घरी बसला हाये. पोरीवाले विचारतेत, पोरगा काय करते. मी काय सांगू? संत्र्याले पाणी देते? संत्रं करणाऱ्याले पोरगी कोण देते आता?"

"म्हणून काय..."

"मले सांग," तो मधेच म्हणाला. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच मला अजून ऐकू येतो. "तुले कॉलेजात धाडलं तवा बानं कोणाले विचारलं होतं का, हे चालन का नाही म्हणून? पोरगी शिकून काय करन, हा हिसाब लावला होता का कोणी? लावला असता तर हिसाबात 'नाही'च आलं असतं. म्या शाळा सोडली. आता माह्या पोराच्या टायमाले तू हिसाब घेऊन आली."

आयुष्यभर मी लोकांचे प्रकल्प तपासले. बाबांनी माझ्यावर केलेला खर्च माझ्याच टेबलावर आला असता तर माल कुठून, घेणार कोण, एवढं विचारूनच मी तो परत केला असता.

निघताना बागेतून गेले. पानं मलूल झाली होती, कडेने आत वळली होती.

"पाणी नाही का दिलं?" मी विचारलं.

"ताणावर सोडली बाग," विलास म्हणाला.

हे ऐकून मला बरं वाटलं. संत्र्याची ही जुनी रीत आहे. हिवाळ्यात बागेचं पाणी मुद्दाम तोडतात. झाड तहानतं, पानं उतरतात, काही गळतात. झाडाला जणू मरणाची भीती वाटते. मग नेमक्या वेळी पाणी सोडतात आणि झाड सर्वांगाला फुलतं. याला ताण देणं म्हणतात, आणि पाणी सोडतात त्याला ताण तोडणं. किती दिवस धरायचा आणि कधी तोडायचा, ही सगळी कला त्यात. बाबा पान मुठीत दाबून सांगायचे. मला वाटलं, बाग ताणावर आहे म्हणजे विलासने पुढच्या बहाराचा विचार केला आहे. तोंडाने काही म्हणो, मनातून त्याने बाग सोडलेली नाही.

मी नागपूरला आले आणि अहवालात 'नाही' लिहिलं. आडपडदा ठेवला नाही. बँकेने कर्ज नाकारलं. मी समजले, विषय संपला.

विषय संपला नव्हता. गुणवंतभाऊंनी बाहेरचा एक पैसेवाला गाठला. तो येऊन जागा पाहणार म्हणून गावाने मांडव घातला. विलासने मला कळवलं नाही, पण पुढे गुणवंतभाऊंनीच सांगितलं ते असं. पाहुणा मोठ्या गाडीतून आला. हार घातला, चहा दिला, नकाशा उलगडला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "समंदर यहाँ से कितना दूर है?" गुणवंतभाऊंनी नकाशाची घडी घातली. त्याने चहा मात्र पूर्ण प्यायला. माणूस सभ्य होता. मग गेला आणि त्याचा फोन पुन्हा लागला नाही.

होळीला मी गावी गेले. सणाला बहिणीने यायचंच असतं, म्हणून गेले. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या ताणावर फुलणाऱ्या, बागा त्या दिवसांत ओळखू येतात; फुलांचा वास रस्त्यापर्यंत येतो. इतरांच्या बागांतून तो येत होता. विलासच्या धुऱ्यावर, म्हणजे बागेच्या बांधावर, उभी राहिले आणि वास थांबला.

झाडं उभी होती. पानं बहुतेक गळून गेली होती, उरलेली तपकिरी होऊन फांदीला चिकटलेली. मी एक काडी मोडली. कट्ट आवाज झाला.

"ताण तोडला नाहीस?"

विलास धुऱ्यावर बसला होता. मातीकडे पाहत म्हणाला, "जमीन तर जाऊनच राहिली होती. मंग पाणी कायले?"

हळूहळू सगळं कळलं. हिवाळ्यात बाग ताणावर सोडली ती खरीच, नेहमीसारखी. मग तोडायची वेळ आली तेव्हा गावात हवा होती की होळीआधी जमीन ताब्यात जाईल. झाडं तोडायची मात्र नव्हती, कारण मोबदल्यात झाडं मोजली जाणार होती. मोजणीच्या दिवशी उभं झाड म्हणजे झाड. ओलं की कोरडं, हे कुणी विचारणार नव्हतं. विलासने विहिरीवरची मोटर विकली, नळ्या विकल्या. बिल कशाला भरायचं म्हणून शेतीचं वीज कनेक्शन कापून घेतलं. नवीन कनेक्शन मागायला गेलं तर आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं थांबतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण ज्याचं नशीब उघडणार आहे तो मागचं दार कशाला उघडं ठेवेल?

विहिरीत पाणी होतं. खाली वाकून पाहिलं तर माझं तोंड दिसत होतं. वर काढायला काही नव्हतं.

"तू सांगतलं होतं," विलास म्हणाला.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी हलकी झाले असते. बरोबर ठरण्याचा एवढा तिटकारा मला कधी आला नव्हता. मी कच्च्या तेलाबद्दल बरोबर होते. गंधकाबद्दल बरोबर होते. समुद्र इथून लांब आहे याबद्दल तर पूर्ण बरोबर होते. आणि बाबांनी ज्या झाडांवर मला शिकवलं ती माझ्यासमोर वाळून उभी होती.

धुऱ्यावरूनच मी तिवारीजींना फोन लावला. आता त्यांचा तळ मुलगा सांभाळतो, पण फोन तेच उचलतात.

"तिवारीजी, तुमच्याकडे डिझेलवर चालणारं जुनं पाण्याचं इंजिन आहे का?"

"मॅडमजी, होली में इंजिन? आपको रंग खेलना है कि क्या?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "एक पडा है गोदाम के पीछे. चलेगा कि नहीं, ये आप मत पूछना. आप पूछोगे तो ना ही निकलेगा."

दुसऱ्या दिवशी वाडीहून त्यांच्या ट्रकमधून इंजिन आलं. हिरवा रंग उडालेलं, फटींत गवत अडकलेलं. विलासने आणि ड्रायव्हरने मिळून हँडल फिरवून फिरवून हात सोलून घेतले. इंजिन खोकायचं आणि बसायचं. मी तेल तंत्रज्ञानाची पदवीधर. त्या इंजिनातल्या डिझेलमध्ये गंधक किती हे मी सांगू शकले असते. ते सुरू कसं करायचं हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात गुणवंतभाऊ आले. कुणी बोलावलं नव्हतं. सावनेरच्या ऑफिसची पाटी उतरवून झाली होती. लोक त्यांच्याशी बोलायचे बंद झाले होते. ते विलासच्या नजरेला नजर न देता सरळ इंजिनाशी जाऊन बसले. नळी सोडवली, तोंडाने फुंकली, थुंकले. डिझेलच्या वाटेत हवा अडकली होती, ती त्यांनी एक नट सैल करून काढली. मग कमी ऐकणारा कान इंजिनाला लावून, हात ठेवून म्हणाले, "फिरव."

विलासने फिरवलं. इंजिन धडधडलं, धुराचा काळा लोट निघाला आणि सुरू झालं. विहिरीतून पाणी वर आलं आणि आळ्यात पडलं. माती इतकी भेगाळलेली होती की पहिलं पाणी दिसेनासं झालं.

गुणवंतभाऊ उठले नाहीत. इंजिनाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ताई, एवढंच येत होतं मले. पंप चालवनं." हाताचं तेल पुसत म्हणाले, "मले वाटलं, म्या चालवली म्हंजे मले बांधता बी येईन."

विलासने त्यांना चहा दिला. विलासचा राग गेला असेल असं मला वाटत नाही. पण पुढचे कित्येक दिवस गुणवंतभाऊ सकाळी येऊन इंजिन सुरू करून देत आणि परत जात. डिझेल सावनेरच्या पंपावरून यायचं, म्हणजे कुठल्या तरी मोठ्या रिफायनरीतून, समुद्राकडून. आमच्या गावात तेलाचा धंदा झाला तो एवढाच.

ताण इतका लांबला की पाणी देऊन बहुतेक झाडांना उपयोग झाला नाही. उन्हाळ्यात विलासने एकेक वाळलेलं झाड तोडलं आणि सरपणाला दिलं. मी बाजूला उभी होते. बुंधे आतून पिवळे असतात, संत्र्यासारखेच, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं बाग होती, पण आमच्या घरी कुणी संत्र्याचं झाड तोडलंच नव्हतं.

निखिल आता वाडीला तिवारीजींच्या गोदामात हिशेब पाहतो, तिथेच खोली घेऊन राहतो. विलासला ते आवडत नाही, पण पोरीवाल्यांना सांगायला काहीतरी आहे. विलास माझ्याशी बोलतो. बागेविषयी बोलत नाही.

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांत किती खोटे प्रकल्प अडवले? अडवले पुष्कळ. त्यातून किती माणसं वाचली हे मोजता येत नाही, कारण वाचलेली माणसं वाचल्याचं सांगायला येत नाहीत. तिवारीजी आले ते एकटेच. आणि ज्या एका गावात मला वाचवायचं होतं तिथे माझा 'नाही' कागदावर बरोबर राहिला आणि बाग वाळली. नाही म्हणणं मी शिकले. नाही म्हटल्यावर त्या माणसाने उद्या सकाळी काय धरून उठावं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि माझं मलाही सुचलं नाही.

झालं ते सांगून थांबते. रिफायनरी झाली नाही. जमीन विलासच्या नावावर राहिली. वीज कनेक्शनचा अर्ज अजून पडून आहे. विहिरीच्या कडेची एक ओळ जगली. ती बाबांनी पहिली लावलेली, पाण्याला सगळ्यात जवळची. तिला या वर्षी फळ नाही, कारण विलासने तिला ताण दिला नाही.